मनावरील आघात आणि वैद्यकीय चाचण्या : शोध, संमती व सहभाग



वार्षिक अहवालाच्या या भागात आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाची सविस्तर माहिती देण्याचा आपला प्रघात आहे. यंदाचा विषय आमच्या समाजसेवा विभागाकडे वारंवार येणाऱ्या एका विचारणेतून निवडला आहे. घरातील कर्ता माणूस मोठ्या अपघातातून वाचलेला असतो. जखमा भरून येतात, हाडे जुळतात, परंतु रात्री तो दचकून उठतो, त्या रस्त्याने जाण्याचे टाळतो, मुलांवर विनाकारण संतापतो. उपचार चालू असतात, पण उतार थोडा पडतो. मग कोणी सांगते की मोठ्या शहरांत नवीन उपचारांच्या चाचण्या चालतात, त्यांत नाव घाला. अशा चाचण्या कोठे शोधाव्यात आणि नाव घालण्यापूर्वी काय पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभीच दोन गोष्टी स्पष्ट करणे इष्ट. मी वैद्यकीय व्यवसायातील नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे काम व्यवस्थापनाचे. निदान आणि औषधयोजना यांविषयी शब्द मानसोपचारतज्ज्ञांचाच अखेरचा. तथापि चाचणीची नोंदणी, संमतिपत्र, विमा, भरपाई व हिशेब ही सारी कागदपत्रांची बाजू आहे आणि तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार व्यवस्थापकास आहे असे मी समजतो. दुसरी गोष्ट अशी की, या आजारावरील कोणतीही चाचणी आपल्या रुग्णालयात चालू नाही. त्यामुळे कोणास चाचणीत ओढण्यात अथवा तिच्यापासून परावृत्त करण्यात संस्थेचा काही लाभ नाही.

या आजारास आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. रुग्णांच्या फायलीवर तो बहुधा पीटीएसडी या आद्याक्षरांनी लिहिलेला असतो. जिवावर बेतलेला प्रसंग, लैंगिक अत्याचार, आप्तांचा डोळ्यांदेखत मृत्यू अशा अनुभवानंतर ती आठवण नको असताना पुन्हापुन्हा उसळणे, तिची आठवण करून देणारे सर्व काही टाळणे, मन बधिर अथवा अपराधी होणे आणि शरीर सतत सावध राहणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली व त्यांनी नित्याच्या जीवनात अडथळा आणला म्हणजे हे निदान विचारात घेतले जाते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात त्याचा समावेश केला, तेव्हा व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक प्रामुख्याने नजरेसमोर होते. आपल्याकडे सैनिकच कशाला हवेत? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपातून वाचलेल्यांच्या मानसिक आजारांविषयीचा प्राथमिक अहवाल १९९६ साली परदेशी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. २०१४ साली माळीण आणि २०२३ साली इर्शाळवाडी येथे दरडीखाली गावे गेली. लोहमार्गावर कोणी गाडीखाली आले असता ते थांबवू न शकणारा मोटरमन आणि घरातच मारहाण सोसणारी स्त्री यांच्या बातम्या होत नाहीत, पण आजार तोच असू शकतो.

चाचणीचा विचार करण्यापूर्वी सिद्ध झालेला उपचार पुरेसा घेतला आहे काय, हे तपासणे आवश्यक आहे. या आजारावर प्रत्यक्ष परिणाम दाखविलेले मानसोपचार उपलब्ध आहेत. आघाताच्या आठवणीस तज्ज्ञाच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा उपचार, आघाताविषयीच्या धारणा तपासण्याचा उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने करावयाचा ईएमडीआर हे त्यांतील प्रमुख होत. औषधांपैकी सरट्रालीन व पॅरॉक्सेटीन यांस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अनुक्रमे १९९९ व २००१ साली या आजारासाठी मान्यता दिली. आमच्याकडे चाचणीची चौकशी करणाऱ्या कित्येकांनी मानसोपचाराची एकही पूर्ण मालिका घेतलेली नसते. केवळ झोपेची गोळी चालू असते. अशांनी आधी हा सिद्ध मार्ग चोखाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील धान्य तसेच ठेवून उसनवारीस जाण्यात शहाणपण नाही.

एवढे करूनही ज्यांना गुण येत नाही असे रुग्ण आहेतच, आणि त्यांच्यासाठीच चाचण्या चालतात. परंतु चाचणी म्हणजे नवा उपचार नव्हे. उपचार आहे किंवा नाही हे ठरविण्याची ती रीत आहे. हा भेद समजण्यास प्राझोसिन या औषधाची हकीकत उपयोगी पडावी.

प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबावरील जुने आणि स्वस्त औषध. अमेरिकेत सिअॅटल येथील डॉ. मरे रास्किंड व त्यांच्या सहकाऱ्यांना ते माजी सैनिकांची भयस्वप्ने कमी करते असे आढळले. पुढील लहान चाचण्यांचे निष्कर्षही अनुकूल आले आणि अनेक डॉक्टर ते विश्वासाने देऊ लागले. त्यानंतर तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३०४ जणांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, म्हणजेच प्लासिबो. कोणास काय मिळते हे रुग्णासही ठाऊक नाही आणि डॉक्टरांसही नाही. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा आठवड्यांनंतर भयस्वप्ने व झोप यांबाबत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

लहान चाचण्यांत दिसलेला गुण मोठ्या चाचणीत का दिसू नये? संशोधकांनी स्वतःच एक शक्यता नमूद केली. अतिशय अस्वस्थ रुग्णांस प्लासिबोच्या गटात ठेवणे धोक्याचे, म्हणून तुलनेने स्थिर असलेलेच रुग्ण घेतले गेले. ज्यांना औषधाची सर्वाधिक गरज, ते बाहेरच राहिले असावेत. पुढे २०२३ साली अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण विभागांच्या मार्गदर्शक सूचनांत भयस्वप्नांसाठी प्राझोसिनची शिफारस पुन्हा आली, पण सौम्य शब्दांत. (आपल्या घरी कोणास हे औषध चालू असेल तर हा परिच्छेद वाचून ते बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.) सांगण्याचा मुद्दा असा की, चाचणीत कोण सामील होतो यावर तिचे उत्तर अवलंबून असते, आणि त्या ३०४ जणांपैकी निम्मे लोक औषधाविना राहिले तेव्हाच हा प्रश्न खुला झाला. सहभागी होणाऱ्याने आपण त्या निम्म्यांत असू शकतो हे मनाशी धरूनच सही करावी.

आता शोधाविषयी.

भारतात मनुष्यावर होणाऱ्या चाचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही आहे. तिचे नाव क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, संक्षेपाने सीटीआरआय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या वतीने ती २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी चाचण्यांची नोंद तीत करणे बंधनकारक केले. संगणकावर ती कोणासही विनामूल्य पाहता येते. नाव-गाव द्यावे लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. शोधाच्या चौकटीत आजाराचे इंग्रजी नाव घालावे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील त्याची खूण एफ ४३.१ अशी असून ती नोंदीतही आढळते. सारी नोंद इंग्रजीत असल्याने ज्येष्ठांनी घरातील शिकत्या मुलांची मदत घ्यावी.

ताळेबंद वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ही नोंद अवघड जाणार नाही. ताळेबंदात जसे आपण नफ्याच्या आकड्याआधी लेखापरीक्षकाचा शेरा पाहतो, तसे येथे शीर्षकाआधी स्थिती पाहावी. सहभागींची भरती अद्याप सुरू व्हावयाची आहे, चालू आहे, बंद झाली आहे, की चाचणीच संपली वा थांबविली आहे, हे तेथे लिहिलेले असते. अनेक नोंदी पूर्ण झालेल्या चाचण्यांच्या असल्याने पहिल्या काही नोंदी पाहून निराश होऊ नये. त्यानंतर नोंदणीची तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख यांची तुलना करावी. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदवही केवळ चाचणी सुरू होण्यापूर्वीच नोंद स्वीकारते. त्याआधीच्या कित्येक नोंदी काम सुरू झाल्यावर केलेल्या आहेत आणि तसा उल्लेख त्यांवर असतो. मग पैसा कोणाचा, हे पाहावे: औषध कंपनीचा, सरकारचा, की पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी केलेला अल्पखर्चाचा अभ्यास आहे? प्रबंधाचा अभ्यास कमी प्रतीचा असे नव्हे. योग, आयुर्वेद, समुपदेशन यांवरील असे बरेच अभ्यास येथे आढळतात. परंतु त्यांत सहभागींची संख्या लहान आणि मुदत थोडी असते, हे ध्यानी ठेवून अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

समावेशाचे व वगळण्याचे निकष हा नोंदीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. वय, आघात होऊन किती काळ लोटला, सध्या कोणती औषधे चालू आहेत, मद्याचे व्यसन, डोक्याला झालेली इजा, गर्भारपण, आत्महत्येचे विचार यांविषयीच्या अटी तेथे असतात. ‘आमच्या माणसाला का नाकारले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच सापडते, आणि ते अपमानाचे नसून सुरक्षिततेचे असते. निकषांत बसावे म्हणून चालू औषध स्वतःच्या मनाने सोडणे मात्र अत्यंत धोक्याचे आहे. औषध थांबवावयाचेच असेल तर ते चाचणीच्या डॉक्टरांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून, देखरेखीखाली थांबवावयाचे असते.

नोंदीत संपर्कासाठी नाव दिलेले असते. रुग्णाने एकदम तेथे दूरध्वनी करण्यापेक्षा आपल्या मानसोपचारतज्ज्ञांस नोंद दाखवून त्यांच्याकरवी विचारणा करणे अधिक सोयीचे; संशोधकही अशा रुग्णाचा इतिहास व्यवस्थित मिळाल्याने समाधानी असतात. मधल्या माणसास, मग तो कितीही ओळखीचा असो, एक रुपयाही देऊ नये. चाचणीत प्रवेश विकत मिळत नाही. तो विकला जात असेल तर ती चाचणीच नव्हे.

परदेशी असलेली मुले आईवडिलांसाठी अमेरिकेच्या सरकारी नोंदवहीत शोध घेतात आणि लांबलचक याद्या पाठवितात. २००० साली खुली झालेली ती नोंदवही उत्तम आहे. परंतु तीत या आजारावरील अनेक चाचण्या तेथील माजी सैनिकांपुरत्या आणि आठवड्यास भेटी असलेल्या आहेत. पर्यटक म्हणून गेलेल्या वृद्धास त्यांत स्थान मिळणे कठीण. तेथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र ती अवश्य उपयोगी पडावी.

याच याद्यांतून एमडीएमए या द्रव्याच्या साहाय्याने करावयाच्या उपचाराविषयी विचारणा होते. त्याविषयी मोठी आशा निर्माण झाली होती. तथापि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता नाकारून आणखी एक मोठी चाचणी करण्यास सांगितले. आपल्याला खरे द्रव्य मिळाले की प्लासिबो, हे सहभागींना त्याच्या परिणामावरूनच कळत होते. त्यामुळे तुलना कितपत विश्वासार्ह, हा आक्षेप होता. शिवाय या उपचाराच्या एका पूर्वीच्या चाचणीत उपचारकांनी रुग्णाबाबत अनैतिक वर्तन केल्याचे उघड झाले, आणि त्याच महिन्यात एका शास्त्रीय नियतकालिकाने संबंधित तीन शोधनिबंध मागे घेतले. भारतात हे द्रव्य अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. कोणी ते खाजगीरीत्या ‘चाचणी’ म्हणून देऊ करीत असेल तर तेथून तत्काळ निघून यावे.

कायद्याने दिलेले संरक्षण

नव्या औषधांच्या चाचण्यांस २०१९ चे नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियम लागू आहेत. प्रत्येक चाचणीस नैतिकता समितीची संमती लागते. या समितीत किमान सात सदस्य, त्यांत एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सर्वसामान्य व्यक्ती असावी लागते. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे आणि अध्यक्षही बाहेरचाच. संमतिपत्र रुग्णास समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे व त्याची प्रत त्यास मिळाली पाहिजे. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार हवा. इंग्रजी संमतिपत्रावर ‘येथे सही करा’ असे कोणी म्हणाले तर मराठी प्रत मागावी. ती नसेल तर सही करू नये.

चाचणीमुळे इजा झाल्यास प्रथम विनामूल्य उपचार, आणि इजा चाचणीमुळेच झाली असे ठरल्यास भरपाई, असा क्रम आहे. इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, किंवा संशोधकांच्या मते गरज संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर उपचार द्यावे लागतात. मृत्यूच्या भरपाईच्या सूत्रात आठ लाख रुपये ही पायाभूत रक्कम धरून वय व जोखीम यांनुसार आकडा ठरतो. प्लासिबोच्या गटातील रुग्णास उपलब्ध असलेला आवश्यक उपचार न दिल्याने इजा झाली तर तीही भरपाईस पात्र ठरते, हे फारसे कोणास ठाऊक नसते. समुपदेशन किंवा योग यांसारख्या, औषध नसलेल्या अभ्यासांना मात्र हे सूत्र जसेच्या तसे लागू होत नाही. तेथे संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पाळावयाची असतात. म्हणून अशा अभ्यासात भरपाईची तरतूद काय, हे संमतिपत्रातच पाहून घ्यावे.

मानसिक आजाराच्या रुग्णास आणखी एक कवच आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ९९ नुसार संशोधनासाठी केवळ मुलाखत घ्यावयाची असली तरी रुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. दिलेली संमती तो केव्हाही मागे घेऊ शकतो. मुलाखतीचा उल्लेख कायद्याने मुद्दाम केला, याचे मोल या आजारात विशेष आहे. चाचणीच्या आरंभी व शेवटी सुमारे तासभराची सविस्तर मुलाखत होते. लक्षणे मोजण्यासाठी रुग्णास तो प्रसंग पुन्हा आठवावा लागतो. ज्या आठवणीपासून तो वर्षानुवर्षे पळत आहे तीच अनोळखी माणसासमोर काढावी लागते. म्हणून सहीपूर्वी विचारावे: प्रसंग किती तपशिलाने सांगावा लागेल? खोलीत कोण असेल? स्त्री रुग्णास स्त्री मुलाखतकार मिळेल काय? मुलाखत ध्वनिमुद्रित होणार असेल तर ती कोण ऐकेल? त्या रात्री त्रास वाढल्यास दूरध्वनी कोणास करावयाचा? या प्रश्नांवर संशोधक त्रासिक चेहरा करीत असेल तर तेच उत्तर समजावे.

आप्तांसही एक विनंती. संमती रुग्णाची आहे. पतीने पत्नीच्या वतीने, मुलाने वडिलांच्या वतीने उत्साहाने ‘हो’ म्हणण्याचे प्रकार आम्ही पाहतो. ज्याच्यावर एकदा त्याच्या इच्छेविरुद्ध काही गुदरले आहे, त्यास पुन्हा इच्छेविरुद्ध कोठे नेऊन बसविणे हे उपचाराच्या नावाखालीही क्षम्य नाही.

पैशाची बाजू

सहभागीकडून औषधाचे वा तपासणीचे शुल्क घेणे योग्य नव्हे. प्रवासखर्च व बुडालेली रोजंदारी देता येते. परंतु ती रक्कम नैतिकता समितीने मान्य केलेली आणि मोहात पाडणार नाही इतकीच असावी. चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील असे गृहीत धरू नये. ते पुढे विनामूल्य देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती काही अटींवर. शेवटच्या भेटीनंतर काय, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारलेला बरा.

विश्वस्त मंडळासाठी यात एक धोरणात्मक मुद्दा आहे. धर्मादाय रुग्णालय म्हणून आपण १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतो व ढोबळ देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. उद्या एखाद्या प्रायोजकाने आपल्याकडे चाचणी करण्याची इच्छा दर्शविली, तर याच खाटांवरील रुग्ण सर्वप्रथम डोळ्यांसमोर येतील. ज्याने बिलाची सवलत घेतली आहे त्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते. त्याच्या मनात सवलतीचे आणि सहीचे नाते जुळू नये, यासाठी संमती विचारणारी व्यक्ती आणि सवलत मंजूर करणारी व्यक्ती कधीही एक असू नये, तसेच निर्धन रुग्ण निधीतील एकही पैसा चाचणीच्या खर्चाकडे वळू नये, असे दोन ठराव आपण अशी विचारणा येण्याआधीच करून ठेवावेत, ही माझी सूचना आहे. देणगीदारांनाही आपली देणगी कोठे जाते आणि कोठे जात नाही, हे त्यामुळे कळेल.

ज्या कुटुंबांना नोंदवहीत शोध घ्यावयाचा आहे त्यांनी समाजसेवा विभागात कामकाजाच्या वेळेत यावे. येताना रुग्णाचे निदानपत्र, सध्याच्या औषधांची चिठ्ठी आणि पूर्वी घेतलेल्या मानसोपचाराची थोडक्यात माहिती आणावी. भरती चालू असलेल्या चाचण्यांच्या नोंदी विनामूल्य छापून दिल्या जातील व त्यांचा आशय मराठीत समजावून सांगितला जाईल. नाव नोंदविण्याचे काम मात्र विभाग करणार नाही. दरम्यान रुग्णाचा त्रास बळावला, किंवा जगणे नको असे तो बोलू लागला, तर चाचणीची वाट न पाहता त्यास थेट आपत्कालीन विभागात आणावे. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते.